बौद्ध संस्था सोडताना: बडोद्यातल्या मराठी उपासक-उपासिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या बौद्ध मंडळात, ध्यानकेंद्रात किंवा विहाराच्या ट्रस्टमध्ये बरीच वर्षं घालवली, तन-मन-धन लावलं आणि आता मन उडालं आहे, अशांसाठी ही माहिती आहे. कायद्याची उत्तरं गुजरातपुरती आहेत. इंदूर, ग्वाल्हेर किंवा महाराष्ट्रातल्या वाचकांनी ती आपल्या राज्याच्या कायद्याशी ताडून पाहावीत. धम्माबद्दलची उत्तरं कुठेही तीच राहतील.

संस्था सोडली म्हणजे धम्म सोडला असं होतं का?

नाही. दीक्षा म्हणजे त्रिशरण आणि पंचशील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी त्यांच्यासोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या बावीसपैकी एकही प्रतिज्ञा अमुक संस्थेचं सदस्य राहीन अशी नाही. ‘संघं सरणं गच्छामि’ म्हणताना आपण ज्या संघाला शरण जातो, त्याचं वर्णन संघवंदनेतच आहे: ‘चत्तारि पुरिसयुगानि अट्ठ पुरिसपुग्गला’. म्हणजे मार्गावर चालणारे आणि त्याचं फळ मिळवलेले आर्यजन. ट्रस्टची कार्यकारिणी, केंद्राचा चेअरमन किंवा शिबिराचा संयोजक हे त्यात आपोआप येत नाहीत.

धर्मानंद कोसंबींचं उदाहरण बडोदेकरांना जवळचं वाटेल. त्यांनी १९०२ मध्ये श्रीलंकेत प्रव्रज्या घेतली आणि काही वर्षांनी चीवर उतरवून गृहस्थ झाले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले आणि बडोद्यात त्यांची बौद्ध धम्मावर व्याख्यानं झाली. मराठीत बुद्धाचा विचार ज्यांनी आणला, त्यांचंच चीवर सुटलेलं होतं. ते सुटलं म्हणून त्यांची बुद्धावरची निष्ठा कमी झाली असं कोणी म्हणत नाही.

‘तुम्ही संघभेद करताय, अवीची नरकात जाल’ असं सांगितलं जातं. खरं आहे का?

हा आरोप फार मनाला लागतो, म्हणून याचं उत्तर नीट समजून घ्या. संघभेद, म्हणजे संघात फूट पाडणं, हे पाच आनंतरिय कर्मांपैकी (सगळ्यात जड पापांपैकी) एक मानलं आहे, हे खरं. पण विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, त्याची व्याख्या अगदी काटेकोर आहे. चुल्लवग्गात उपालीच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितलंय की एका बाजूला चार भिक्खू, दुसऱ्या बाजूला चार आणि नववा शलाका (मत देण्याच्या काड्या) वाटून घोषणा करणारा, एवढे असतील तरच संघभेद होतो. नवापेक्षा कमी असतील तर तो नुसता मतभेद. शिवाय हे सगळे एकाच सीमेतले, एकाच संवासातले उपसंपदा घेतलेले भिक्खू असावे लागतात. भिक्खुणी, श्रामणेर, उपासक, उपासिका यांनी कितीही प्रयत्न केला तरी त्यांच्याकडून संघभेद होत नाही, असं त्याच ठिकाणी स्पष्ट म्हटलंय. गृहस्थाने राजीनामा दिला, सोबत आणखी चार कुटुंबं बाहेर पडली, तरी त्याला हा शब्द लागू पडत नाही.

उलट कोसंबी नगरीतली गोष्ट आठवा. भिक्खूंचं भांडण मिटेना, तेव्हा बुद्ध स्वतः त्यांना सोडून पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणं आणि भिक्षा घालणं बंद केलं. पोटाला चिमटा बसल्यावर भिक्खू सावत्थीला गेले आणि तिथे समेट झाला. महावग्गातल्या या कथेत उपासकांना कुठेही दोष दिलेला नाही.

भंतेजींवर किंवा गुरूंवर शंका घेणं पाप आहे का?

मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहात वीमंसक सुत्त आहे. त्यात भिक्खूंनी खुद्द तथागतांचीच परीक्षा कशी करावी ते सांगितलंय: डोळ्यांना काय दिसतं, कानांना काय ऐकू येतं, वागणं बऱ्याच काळापासून तसंच आहे की नुकतंच सुरू झालंय, प्रसिद्धी मिळाल्यावर काही दोष शिरले का. बुद्धाची परीक्षा चालते, तर केंद्रातल्या शिक्षकाची का चालणार नाही?

अंगुत्तर निकायाच्या अट्ठकनिपातात तर याहून थेट तरतूद आहे. जो भिक्खू उपासकांच्या लाभात आडकाठी घालतो, त्यांचं नुकसान पाहतो, त्यांना शिवीगाळ करतो, उपासकांमध्ये आपसांत फूट पाडतो, अशा भिक्खूवर आपला विश्वास उरला नाही, हे उपासकांनी हवं तर जाहीर करावं असं तिथे सांगितलंय. ही तरतूद फारशा देसनांमध्ये ऐकू येत नाही, पण ती आहे.

तिबेटी परंपरेतल्या मंडळींना ‘समय’ (गुरूशी बांधलेली प्रतिज्ञा) मोडल्याची भीती घातली जाते. तिथल्याच गुरुपंचाशिकेत म्हटलंय की सांगितलेली गोष्ट योग्य कारणाने करता येत नसेल, तर नम्रपणे तसं सांगून मोकळं व्हावं. २०१७ मध्ये रिग्पा या आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या आठ जुन्या शिष्यांनी आपल्या गुरूच्या गैरवर्तनाबद्दल पत्र लिहिलं. दलाई लामांनी त्याच वर्षी लडाखमध्ये त्यावर जाहीरपणे बोलताना तोंड उघडणाऱ्या शिष्यांच्या बाजूने मत दिलं.

मन उडालंय, पण हा थकवा आहे की खरंच निघायची वेळ आली, कसं ओळखावं?

आधी सगळ्या जबाबदाऱ्यांतून दोन-तीन महिने सुट्टी घ्या. लेखी कळवा, आणि त्या काळात फक्त श्रोता म्हणून वंदनेला जा. पौर्णिमेची तयारी, वर्गणी गोळा करणं, खुर्च्या लावणं, काहीही अंगावर घेऊ नका. थकवा असेल तर एवढ्याने मन ताजं होतं आणि पुन्हा जावंसं वाटतं.

थकवा नसेल तर या सुट्टीतच कळतं. सुट्टी मागितल्यावर तुमची विचारपूस होते की तुमच्या श्रद्धेची चौकशी होते? हिशोबाचा साधा प्रश्न विचारला तर कागद पुढे येतो की ‘तुमचा अहंकार बोलतोय’ असं ऐकवलं जातं? आणि पूर्वी सोडून गेलेल्या लोकांबद्दल काय बोललं जातं, तेही बारकाईने ऐका. प्रत्येक सोडणारा वेडा, स्वार्थी किंवा विकला गेलेला असेल, तर उद्या तुमच्याबद्दलही तेच बोललं जाणार. जे खटकतं ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. नंतर लोक तुम्हालाच विचारतील की असं नेमकं कधी झालं होतं, आणि तेव्हा सगळं आठवत नाही.

नुसतं जाणं बंद केलं तर चालत नाही का?

तुम्ही फक्त रविवारच्या वंदनेला जात असाल, कुठे सही केली नसेल, वर्गणी बांधली नसेल, तर चालतं. ज्या परंपरांमध्ये सदस्यत्वच नसतं तिथेही राजीनाम्याचा प्रश्न येत नाही. गोयंका गुरुजींच्या विपश्यनेत दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेले फक्त ‘जुने साधक’ असतात. संदेश नको असतील तर यादीतून नाव काढायला सांगा, एवढंच.

नोंदणीकृत सोसायटीचे वर्गणीदार सदस्य असाल तर मात्र नुसतं गायब होऊ नका. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा गुजरातलाही लागू आहे आणि त्याखाली थकलेली वर्गणी संस्था वसूल करू शकते. शिवाय हजेरीपटावर नाव राहिलं की ठरावांवर तुमच्या नावाने ‘उपस्थित’ लिहिलं जाण्याची वाट मोकळी राहते.

राजीनामा कसा लिहायचा?

छोटा. कारणं त्यात लिहू नका. कारणं लिहिली की कार्यकारिणी राजीनामा बाजूला ठेवून कारणांवर बैठक बोलावते, समजूत काढायला चार जण घरी येतात आणि प्रकरण महिनोन्महिने लोंबकळतं. कारणं सांगायचीच असतील तर नंतर वेगळं पत्र द्या. मजकूर साधारण असा असावा:

*प्रति, अध्यक्ष व सचिव, (संस्थेचं नोंदणीकृत पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक). मी संस्थेची आजीव सदस्य असून कार्यकारिणीत सहसचिव आहे. दिनांक अमुकपासून मी सदस्यत्वाचा व पदाचा राजीनामा देत आहे. माझ्या ताब्यातील वस्तू व कागदपत्रांची यादी सोबत जोडली आहे. या तारखेनंतर माझं नाव, फोटो, सही किंवा मोबाइल क्रमांक संस्थेच्या कामासाठी वापरू नये. कृपया पोहोच द्यावी.*

संस्थेच्या घटनेत राजीनामा कोणाकडे द्यायचा आणि तो मंजूर करावा लागतो का, ते आधी वाचून घ्या. घटनेची प्रत देत नसतील तर चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात अर्ज करून नक्कल मिळते. पत्र मराठीत लिहायला हरकत नाही, पण सोबत गुजराती प्रतही जोडा. पुढे हेच पत्र सरकारी कार्यालयात द्यायची वेळ आली की गुजराती प्रत लगेच स्वीकारली जाते, मराठीसाठी भाषांतर मागतात.

हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. जुनी रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच मिसळली आहे, त्यामुळे खिडकीवर नोंदणी आणि पोहोच हवी असं स्पष्ट सांगा आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फक्त ‘मी ग्रुप सोडतोय, जय भीम’ एवढं लिहिलं तर तो राजीनामा ठरत नाही.

मी ट्रस्टी आहे. राजीनामा दिला म्हणजे सुटलो का?

अजून नाही. गुजरातमध्ये सार्वजनिक ट्रस्टची नोंद १९५० च्या पब्लिक ट्रस्ट कायद्याखाली असते आणि ट्रस्टींची नावं पी.टी.आर. या नोंदवहीत असतात. ट्रस्टी बदलला की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदलाची नोंद, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो. तो संस्थेने दिला नाही तर कागदोपत्री तुम्हीच ट्रस्टी राहता. नोटीस तुमच्या घरी येते आणि पाच वर्षांनी कुठल्या तरी जागेच्या वादात तुमचं नाव निघतं. यातच सगळ्यात जास्त लोक अडकतात.

म्हणून राजीनाम्याची प्रत पोस्टाच्या पावतीसह तुम्ही स्वतः बडोद्याच्या चॅरिटी कमिशनर कार्यालयात द्या. सोबत एक ओळीचा अर्ज जोडा की अमुक तारखेपासून मी ट्रस्टी नाही, संस्थेने चेंज रिपोर्ट द्यावा. तीन-चार महिन्यांनी पी.टी.आर.चा उतारा काढून नाव गेलं का बघा.

वेळेचाही विचार करा. हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. शक्य असेल तर त्या वर्षाचं ऑडिट होऊन हिशोबावर सह्या झाल्या की बाहेर पडा आणि ऑडिट रिपोर्टची प्रत घेऊन ठेवा. तुमच्या काळातल्या व्यवहारांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही तुमच्यावरच असते. ती प्रतच तेव्हा तुमच्या कामी येते.

खजिनदार होतो. काय काय सोपवायचं?

वस्तूंची आठवण सगळ्यांना असते, मोबाइल नंबरची नसते. बऱ्याच छोट्या ट्रस्टमध्ये बँकेचा ओटीपी, आयकर पोर्टलचा संपर्क, विहाराच्या वीजबिलाचं खातं, फेसबुक पान, गुगल ड्राइव्ह आणि यूट्यूब हे सगळं एकाच माणसाच्या नंबरवर चालतं. तुम्ही निघून गेलात आणि नंबर तोच राहिला, तर उद्या कोणी पैसे काढले तरी ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येणार. आधी हे सगळे नंबर बदलून घ्या.

बँकेत सही बदलायला संस्थेचा ठराव लागतो. संस्था ठराव देत नसेल तर शाखा व्यवस्थापकाला पत्र द्या की मी पद सोडलं आहे आणि माझा सहीचा अधिकार मागे घेतो, आणि प्रतीवर शिक्का घ्या. पण हे करताना संस्थेला पंधरा दिवस आधी कळवा. सही करणारा एकदम कमी झाला की काही शाखा खातंच थांबवून ठेवतात. मग विहाराची लाइट कापली जाते आणि झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार अडकतो. त्यांनी कोणाचं काही बिघडवलेलं नसतं.

सोपवायच्या यादीत पावतीपुस्तकं नंबरांसह लिहा: कोणतं पुस्तक, कितव्या पावतीपर्यंत वापरलं, कोरी किती. कोऱ्या सह्या केलेले चेक असतील तर ते रद्द करून यादीत जोडा. दानपेटीच्या किल्ल्या, कॅशबुक, रोख शिल्लक, मूळ खरेदीखत किंवा भाडेकरार, माइक आणि साउंड, ग्रंथालयाची पुस्तकं, मूर्ती. दोन साक्षीदारांसमोर मोजा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, फोटो काढून ठेवा. रोख रक्कम कोणाच्या हातात देऊ नका, ट्रस्टच्या खात्यात भरून स्लिप जोडा.

इतकी वर्षं दान दिलं. परत मागता येईल का?

दिलेलं दान केवळ श्रद्धा उडाली म्हणून परत मागता येत नाही. जमीन किंवा घर नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिलं असेल तरी तेच. देतानाच परत घेण्याची काही अट ठरलेली असेल, किंवा दबाव आणून, फसवून घेतलं असेल, तरच न्यायालयात जाता येतं, आणि त्याला मुदत असते. आजारी आईकडून नर्सिंग होममध्ये सही घेऊन बक्षीसपत्र केलं असेल तर थांबू नका, त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

उसने दिलेले पैसे मात्र वेगळे. विहाराच्या बांधकामाला ‘तात्पुरते’ म्हणून दिलेली रक्कम बऱ्याचदा नंतर दानात धरली जाते. उसने पैसे वसूल करण्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. मुदतीच्या आत संस्थेने लेखी कबुली दिली तर ती कबुलीच्या तारखेपासून पुन्हा मोजली जाते. म्हणून राजीनाम्याआधी अध्यक्षांकडून ‘आपल्याकडून घेतलेली इतकी रक्कम देणे आहे’ असं लेखी घ्या. राजीनाम्यानंतर ते मिळणं फार अवघड.

मासिक दान खात्यातून आपोआप कटत असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन ते स्वतः बंद करा. बँकेतून कटत असेल तर शाखेत मॅन्डेट रद्द करण्याचा अर्ज द्या, आणि कटण्याच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी द्या. संस्थेला सांगून थांबत बसू नका.

मग करसवलतीच्या पावतीचं काय?

दिलेल्या वर्षाची ८०जीची सवलत संस्था सोडल्याने जात नाही. दोन हजारांवरची रोख देणगी मुळातच तिच्यात बसत नाही, आणि नव्या करपद्धतीत ही सवलत नाही.

हिशोबात गडबड दिसली आहे. गप्प बसून निघावं का?

ते तुमच्यावर आहे, पण निघण्याआधी कागद गोळा करा. निघाल्यावर दार बंद होतं. ऑडिट रिपोर्टच्या नकला चॅरिटी कमिशनरकडून अर्ज आणि फी भरून मिळतात. त्यांतली देणगीची रक्कम आणि तुमच्याकडच्या पावत्यांची बेरीज जुळते का ते पाहा. चौकशीचा अर्ज तुम्ही सदस्य किंवा लाभार्थी म्हणून देऊ शकता. ट्रस्टी हटवण्यासारखा मोठा दावा करायचा असेल तर कलम ५० प्रमाणे ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती आणि चॅरिटी कमिशनरची लेखी संमती लागते. एकट्याने करायचं काम नाही हे. अर्जात फक्त आकडे, तारखा आणि पावती क्रमांक लिहा. ‘हे लोक बाबासाहेबांच्या नावावर पोट भरतात’ अशा वाक्यांनी अर्ज कमकुवत होतो.

मी श्रामणेर / भिक्खू आहे. चीवर कसं उतरवायचं?

विनयात यासाठी शिक्षा नाही, विलंब नाही आणि कोणाची परवानगीही नाही. ज्याला अर्थ कळतो अशा एका व्यक्तीपुढे, शुद्धीवर आणि मनापासून म्हणायचं: ‘सिक्खं पच्चक्खामि, गिहीति मं धारेथ’. तेवढ्याने भिक्खू गृहस्थ होतो. थट्टेत म्हटलेलं धरत नाहीत. नंतर पंचशील घ्यावं. चार पाराजिकांपैकी (भिक्खुपद कायमचं घालवणाऱ्या दोषांपैकी) काही घडलेलं नसेल तर पुढे कधीही पुन्हा प्रव्रज्या घेता येते. श्रामणेराचं याहून सोपं असतं.

कठीण भाग पुढचा. आधारवर विहाराचा पत्ता असतो, खिशात पैसे नसतात, वय वाढलेलं असतं. उतरवण्याआधी राहायची जागा ठरवा आणि आधार, पॅन, मार्कशीट स्वतःच्या ताब्यात घ्या. अशा माणसाला महिनाभर जेवण आणि झोपायला जागा देणं हे उपासकांचं काम आहे, मग तो कोणत्याही परंपरेचा असो.

केंद्रात निवासी, पूर्णवेळ काम करत होतो. ‘मानधन’ मिळायचं. काही हक्क आहेत का?

नाव मानधन असलं तरी ठराविक वेळ, ठराविक काम, वरिष्ठांचे आदेश आणि दरमहा रक्कम असेल, तर ते नोकरीचं नातं असू शकतं. बँकेचं स्टेटमेंट, ड्यूटीचे मेसेज, ओळखपत्र जपा. पी.एफ. कापला जात असेल तर यू.ए.एन. (पी.एफ.चा कायमचा क्रमांक) स्वतःच्या मोबाइलवर चालू करून घ्या. फुकट कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा.

शिबिरात अंगचटीला आले. ‘बाहेर बोललीस तर धम्माची बदनामी होईल’ म्हणाले.

ताई, बदनामी करणारा तो आहे, तुम्ही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्वयंसेविकाही ‘कर्मचारी’ धरल्या आहेत. केंद्रात दहापेक्षा कमी लोक काम करत असतील किंवा संस्थेची समितीच नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार देता येते. मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने वाढते. पोलिसांत जाणं हा वेगळा आणि सोबतचा मार्ग आहे. गुजरातमध्ये १८१ अभयम् हेल्पलाइन चोवीस तास चालते.

मूल अठराच्या आतलं असेल तर पोक्सो कायद्याने ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. कार्यकारिणीने ‘आपसांत मिटवू’ म्हटलं तरी ती जबाबदारी सुटत नाही.

जातीचा दाखला रद्द होतो का? कलेक्टरची परवानगी लागते का?

दोन्हींचं उत्तर नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. कोणत्या संस्थेत आहात याच्याशी त्याचा संबंध नाही.

परवानगीचा गोंधळ धर्मांतराच्या कायद्यामुळे होतो. गुजरातच्या गृहखात्याने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बौद्ध धर्म हा वेगळा धर्म मानला आणि हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासाठी २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल असं सांगितलं. तुम्ही धर्म बदलत नाही आहात, सदस्यत्व सोडत आहात. बौद्ध राहून एका संस्थेतून दुसरीत जाणं किंवा कुठेच न जाणं, याला कोणालाही विचारावं लागत नाही.

मुलीचं लग्न ठरतंय. आता विधी कोण लावणार? मयत झाली तर?

ही भीती सगळ्यात खोल असते, आणि तिचाच धाक घातला जातो. बडोद्यात मराठी बौद्ध समाज लहान, सगळे एकमेकांचे सोयरे. पण विधी कोणाच्या मालकीचा नाही. त्रिशरण-पंचशील आणि मंगलसुत्त म्हणता येणारा कोणीही जाणता उपासक लग्न लावू शकतो. बौद्धांना हिंदू विवाह कायदा लागू आहे आणि लग्नाचा पुरावा म्हणून महापालिकेतल्या नोंदणीचा दाखला चालतो. संस्थेच्या छापील प्रमाणपत्राची गरज नसते. तुमचं स्वतःचं लग्न त्या संस्थेत लागलं असेल आणि नोंदणी राहिली असेल, तर बाहेर पडण्याआधी ती करून घ्या. साक्षीदार तेव्हा सहज मिळतात.

मयतीसाठी दोन-तीन जाणत्या उपासकांचे नंबर आधीच ठरवून ठेवा. बुद्धवंदना, अनित्यतेच्या गाथा, पुण्यानुमोदन एवढं त्यांना येत असलं की पुरे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत महापालिकेत करायची असते आणि तिथे संस्थेचं पत्र कोणी मागत नाही.

सासूबाई आणि यजमान अजून तिथेच आहेत. घरात रोज वाद.

त्यांना बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. तुम्हाला जे दिसलं ते एकदाच, शांतपणे, पुराव्यासह सांगा आणि थांबा. घरात दोन-तीन गोष्टी मात्र ठरवून घ्या: सामायिक खात्यातून संस्थेला किती जाणार, मुलं रविवारच्या वर्गाला जाणार की नाही, घरी बैठक असेल तर तुम्ही त्यात असणार की नाही. सासूबाईंना वंदनेला सोडायला जाणं, परत आणणं, यात तुमची हार नाही. बुद्धमूर्ती घरात तशीच राहू द्या.

ग्रुपवर माझ्याबद्दल काहीबाही लिहितात. मीही सगळं उघड करू का?

स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असे, आणि उत्तर देऊ नका. तुम्ही लिहाल तेव्हा जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे. खरं आणि लोकहिताचं असेल तर बचाव आहे, पण खरं ते सिद्ध करावं लागतं. ‘चोर’ लिहिण्यापेक्षा ‘अमुक तारखेच्या पावत्या आणि ऑडिटमधली रक्कम यांत फरक आहे’ असं लिहिणं केव्हाही बळकट.

गोहोन्झोन, धम्मनाव, चीवर, माळा यांचं काय करायचं?

संस्थेने दिलेला गोहोन्झोन (निचिरेन परंपरेतला पूजेचा लेखपट) परत द्यायची अपेक्षा असते. गुंडाळून हातोहात द्या, पोहोच घ्या. धम्मनाव कागदोपत्री नोंदवलं नसेल तर वापरायचं थांबवलं की झालं. गॅझेटमध्ये आणि आधारवर बदललं असेल तर परत बदलायला पुन्हा गॅझेटच लागेल. विकत घेतलेल्या मूर्ती आणि माळा तुमच्याच.

ध्यानाला बसलं की छाती धडधडते, झोप लागत नाही.

मग काही महिने बसू नका. ज्या घंटेवर, ज्या आवाजातल्या सूचनांवर इतकी वर्षं ध्यान केलं, त्या ऐकल्या की शरीर जुन्या ताणात जातं. लांब शिबिरांनंतर काहींना हा त्रास संस्था न सोडताही होतो. ही ‘विकार बाहेर पडतायत’ अशी प्रगती समजून रेटू नका. चालणं, नियमित जेवण, दुपारची चहा-कॉफी बंद. पंधरा दिवसांत झोप सुधारली नाही, किंवा जगावंसं वाटेनासं झालं, तर त्याच दिवशी टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांना ‘ध्यान किती तास करायचो’ हे नक्की सांगा.

आता वंदनेला कुठे जायचं? पुन्हा कुठे जोडून घ्यावं का?

वर्षभर तरी कुठेच सही करू नका. घरी सकाळी दहा मिनिटं त्रिशरण-पंचशील, पौर्णिमेला दोन-तीन कुटुंबं एकत्र येऊन सुत्तपठण, एवढ्याने चालतं. २३ सप्टेंबरला कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर जा. १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा नाकारली गेल्यावर बाबासाहेब जिथे बसले, ती जागा कोणत्याही एका गटाची नाही. बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर यांचंही तसंच. जुन्या संस्थेचे लोक तिथे भेटतील. त्यांना जय भीम करा, चहा घ्या, बोला.

पुढे नव्या संस्थेत जावंसं वाटलं तर आधी तीन महिने मागे बसून पाहा. नोंदणी क्रमांक आणि मागच्या दोन वर्षांचे ऑडिट मागा. खजिनदार आणि अध्यक्ष एकाच घरातले आहेत का विचारा. आणि तिथून आधी बाहेर पडलेल्या एखाद्या व्यक्तीला गाठून, तिला बाहेर पडताना कसं वागवलं ते ऐका.